शाळा म्हणते ‘आधी रिपोर्ट आणा’: ऑटिझमच्या निदानाआधी वर्गात मदत कशी मिळवायची

ऑटिझमच्या तपासणीसाठी नाव नोंदवलं की तारीख काही महिन्यांनंतरची मिळते, कित्येकदा वर्षानंतरची. मूल मात्र उद्या सकाळी वर्गात जाऊन बसणार असतं. मधल्या काळात पालक शाळेकडे मदत मागतात, तर उत्तर येतं, ‘आधी रिपोर्ट आणा, मग बघू.’ तपासणी करणारे तज्ज्ञ म्हणतात, ‘शाळेचं निरीक्षण लेखी आणा.’ दोन्हीकडचे उंबरे झिजवता झिजवता वर्ष सरतं आणि तोवर मुलाला ‘हट्टी’, ‘आळशी’, ‘लक्ष नसतं’ ही विशेषणं कायमची चिकटतात.

ही कोंडी बहुतेक वेळा मागणी करण्याच्या पद्धतीमुळे होते. ‘त्याला बहुधा ऑटिझम आहे, काहीतरी करा’ असं म्हटलं की वर्गशिक्षिकेसमोर वैद्यकीय प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर देणं तिच्या अखत्यारीत नसतं. ती रिपोर्ट मागते, यात तिचंही चुकत नाही. ‘घंटा वाजली की तो कान झाकून बाकाखाली जातो, दोन मिनिटं आधी त्याला सांगता येईल का?’ असं विचारलं तर प्रश्न वर्गातला होतो आणि तो सोडवणं तिच्या हातात असतं. निदानाचं नाव बाजूला ठेवून गरज मांडायची, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

कागद कशाला लागतो आणि कशाला लागत नाही

सार्वजनिक परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, सरकारी खर्चाने मिळणारा मदतनीस, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, या गोष्टींना निदानाचा किंवा अधिकृत मूल्यमापनाचा कागद लागतोच. त्या आधी मागून शाळेशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. बसायची जागा बदलणं, चित्रांचं वेळापत्रक, सूचना तोडून देणं, मधे उठून फिरू देणं, गोंगाटाच्या वेळी कान झाकायला मफ देणं, फळ्यावरचं उतरवून घ्यायला कमी लावणं, यातल्या एकाही गोष्टीला कागद लागत नाही. वर्गात चष्मा न लागलेल्या मुलालाही पुढे बसवतातच.

‘आत्ताच मदत दिली तर लक्षणं झाकली जातील आणि निदान चुकेल’ ही भीती पालकांना असते, काही शिक्षकांनाही. ती मनातून काढून टाका. ऑटिझमसाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. मुलाचं आजचं वागणं आणि लहानपणापासूनचा विकासाचा इतिहास, दोन्ही पाहून निदान होतं. ‘चित्रवेळापत्रक लावल्यावर तास बदलतानाचा आकांत आठवड्यात आठ वेळांवरून दोन वेळांवर आला’ ही नोंद तज्ज्ञांच्या कामाचीच असते. पुढे निदान वेगळं निघालं, समजा भाषाविकासाची अडचण, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि अतिचंचलतेची अडचण) किंवा चिंता, तरी या सोयींनी मुलाचं नुकसान होत नाही.

नोंदवही: दहा शाळेचे दिवस

शाळेशी बोलण्याआधी किंवा बोलणं सुरू असतानाच दोन आठवडे नोंद ठेवा. प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा, आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, किती वेळ चाललं, नंतर काय झालं. ‘आज खूप त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी. उपयोगी नोंद अशी दिसते:

‘मंगळवार, ११:१०, वर्ग. गणिताचा तास संपून चित्रकला सुरू होणार होती. त्याची दोन गणितं राहिली होती. “वह्या ठेवा, रंग काढा, गटात बसा” असं एका दमात सांगितलं. त्याने वही बंद केली नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितल्यावर वही फेकली, कान झाकून भिंतीशी बसला. ७ मिनिटं. बाकीची मुलं लांब गेल्यावर आणि कोणी बोलायचं थांबल्यावर शांत झाला. चित्रकला बुडाली.’

या एका परिच्छेदात चार गोष्टी सापडतात: अर्धवट राहिलेलं काम, कामाचा अचानक बदल, तीन सूचना एकदम, आणि वाढलेला आवाज. शांत कशाने झाला तेही कळतं. अशा दहा-बारा नोंदी जमल्या की त्या शेजारी ठेवून वाचा. बहुतेक प्रसंग तास बदलताना असतील तर बदलाची पूर्वसूचना हवी. खेळाच्या किंवा संगीताच्या तासालाच असतील तर आवाज. बदली शिक्षक आले त्याच दिवशी असतील तर काय होणार ते न कळणं. फक्त लिहायच्या कामाला असतील तर हाताची पकड आणि लिहिण्याचा ताण तपासायला हवा. सगळे प्रसंग उत्तरार्धातले असतील तर भूक आणि थकवा आधी पाहा. एखादा तास नेहमीच सुरळीत जात असेल तर तोही टिपा. तिथे काय वेगळं आहे हे पाहून बाकीच्या तासांसाठी उपाय मिळतो.

चाळीस मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडून एवढ्या तपशिलाची अपेक्षा ठेवू नका, नोंदी दोन दिवसांत बंद पडतील. तिला एका कागदावर दिवसाच्या फक्त दोन वेळा आखून द्या, उदाहरणार्थ सकाळचा पहिला तास आणि मधली सुट्टी. खुणा तीनच: ठीक गेलं, थोडी अडचण, मोठी अडचण. ‘मोठी अडचण’ असेल तिथे एक ओळ. एवढं होतं.

पत्र

तोंडी बोलणं हवेत विरतं. पहिली मागणी लेखीच करा, ईमेल किंवा पोच घेतलेला कागद, मुख्याध्यापकांना प्रत. मजकूर साधारण असा:

‘आदरणीय बाई, दुसरीत शिकणाऱ्या आमच्या मुलाची विकासविषयक तपासणी व्हायची आहे; तारीख अजून लांब आहे. निदान काय होईल हे आम्ही गृहीत धरलेलं नाही. गेल्या दहा शाळेच्या दिवसांत मात्र तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: एक काम थांबवून दुसरं सुरू करताना तो कोलमडतो, तीन-चार सूचना एकदम दिल्या की पहिलीच करून थांबतो, परिपाठाला आवाज वाढला की कान झाकून बसतो. पुढचे सहा आठवडे तीन सोयी करून पाहाव्यात अशी विनंती आहे. तास बदलायच्या ५ मिनिटं आणि १ मिनिट आधी त्याला जवळ जाऊन सांगावं; एका वेळी एकच सूचना द्यावी; परिपाठाला रांगेच्या टोकाला, स्पीकरपासून दूर उभं राहू द्यावं. यावर बोलायला अर्धा तास वेळ द्यावा. शाळेतले विशेष शिक्षक किंवा समुपदेशकही असतील तर बरं होईल. आमच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.’

पत्रात तक्रारीचा सूर नको आणि मागण्या तीनच. दहा-बारा मागण्या असलेलं पत्र बैठकीत वाचलं जातं, वर्गात पोचत नाही. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली नम्र आठवण टाका. नवी साखळी सुरू करू नका, तारखा तुटतात.

बैठक

बैठकीत ‘आम्ही लक्ष देऊ’ हे वाक्य हमखास येतं. त्यात कळकळ असते, पण कोण काय करणार ते त्यातून कळत नाही. त्याला धरून लगेच विचारा: काय करायचं, कोण करणार, किती वेळा, आणि फरक पडला हे कशावरून ओळखायचं? चारही उत्तरं मिळाली तरच सोय ठरली असं समजा. ‘गटकामात ५ मिनिटं, हातात चेंडू घेऊन, आठवड्यातले ४ दिवस बसेल’ हे मोजता येतं. ‘सामाजिक कौशल्यं सुधारतील’ हे येत नाही. उठण्यापूर्वी आढाव्याची तारीख ठरवा, चार ते सहा आठवड्यांनंतरची. त्याच दिवशी घरी जाऊन ‘आज असं ठरलं’ म्हणून ईमेल पाठवा. वर्गशिक्षिका बदलली, मुख्याध्यापक बदलले, तरी ठरलं काय होतं हे त्या ईमेलमधूनच सिद्ध होतं.

बोलताना सुरुवात शिक्षिकेकडे जे जमतं त्यापासून करा. ‘तुमच्या गोष्टीच्या तासाला तो शांत असतो, तिथे काय वेगळं होतं?’ या प्रश्नाने तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही, आणि उत्तरही बहुधा खरंच उपयोगी निघतं.

सोयी चालत का नाहीत

चित्रवेळापत्रक सगळ्यांत जास्त सुचवलं जातं आणि सगळ्यांत जास्त फसतं. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. ते वर्गाच्या लांबच्या भिंतीवर लावलेलं असतं. एकदम दहा चित्रं असतात. दिवस बदलला तरी चित्रं तीच राहतात. किंवा मूल बिघडल्यावरच ते पुढे केलं जातं, मग ते दिसलं तरी मूल चिडतं. सुरुवात दोनच चित्रांनी करा, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ती बाकावर, हाताच्या अंतरावर हवीत. काम झालं की मुलाने स्वतः ते चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या खिशात टाकायचं. हे काढून टाकणं महत्त्वाचं आहे, त्यातूनच एक काम संपल्याचं त्याच्या मनात पक्कं होतं. दोन जमली की अर्ध्या दिवसाची चार-पाच. ज्या मुलाला रेखाचित्र कळत नाही त्याला फोटो द्या, फोटोही कळत नसेल तर प्रत्यक्ष वस्तू, जसं खेळाच्या तासासाठी चेंडू. वाचता येत असेल तर नुसते शब्द पुरतात. ‘बदल’ असं एक वेगळं कार्डही ठेवा आणि ते पहिल्यांदा सुखद बदलासाठी वापरा, वाचनाऐवजी खेळ वगैरे. पहिल्याच वेळी नावडत्या बदलाला वापरलं तर ते कार्ड पुढे दिसता क्षणी आकांत होतो.

सूचना देताना चूक वेळेची होते. नाव घ्या, जवळ जा, एक वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक मोठी माणसं दोन-तीन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतात, आणि जे वाक्य समजून घेणं चाललं होतं ते मुलाला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पुन्हा सांगायचंच असेल तर त्याच शब्दांत सांगा. ‘पळू नकोस’पेक्षा ‘चालत ये’ बरं. ‘वही उघडतोस का?’ हा प्रश्न समजून मूल ‘नाही’ म्हणालं तर तो उद्धटपणा नाही, त्याने विचारल्याचं उत्तर दिलं. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रह सोडून द्या. कित्येक मुलांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही; खिडकीकडे पाहत असताना त्यांचं ऐकणं चांगलं चालतं.

जागा ठरवताना ‘पुढच्या बाकावर’ हे उत्तर आपोआप दिलं जातं. पुढच्या बाकावर बसलं की सगळा वर्ग पाठीमागे येतो आणि मागून कधी काय आवाज येईल याचा नेम नसतो. पाठ भिंतीला, दारापासून आणि स्पीकरपासून लांब, शिक्षिका नजरेत, ही जागा बहुधा जास्त चालते. ट्यूबलाइट फडफडत असेल तर ती आधी बदलून घ्या. खुर्च्या ओढल्याचा आवाज सहन होत नसेल तर पायांना फेल्टचे तुकडे किंवा कापलेले टेनिस बॉल लावता येतात. कानावरचे मफ ठरावीक गोंगाटापुरते वापरावेत, दिवसभर नाही. सतत घातले तर साधा आवाजही जड जाऊ लागू शकतो.

हालचालीची सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांनी, दोन-तीन मिनिटांची, घड्याळ पाहून द्यायची. वह्या दुसऱ्या वर्गात पोचवणं, फळा पुसणं, भिंतीला दोन्ही हातांनी जोर लावणं, जड पुस्तकांचा गठ्ठा उचलून ठेवणं. गोंधळ घातल्यावरच दिली तर गोंधळ घातल्याने सुट्टी मिळते हे मूल शिकतं. आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेणं तर फारच घातक, कारण ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचीच हालचाल बंद होते.

वर्गाबाहेर जायचं कार्ड देताना चार गोष्टी ठरवा: कुठे जायचं, तिथे कोण असेल, किती वेळ (पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ चांगलं), आणि परत कसं यायचं. मूल शांत असताना पहिला आठवडाभर रोज दोनदा सराव करून घ्या. आकांताच्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही. ‘तो सारखंच वापरेल’ ही शिक्षकांची काळजी रास्त आहे, सुरुवातीला वापर वाढतोही. बाहेर जाता येतं ही खात्री पटली की बहुधा कमी होतो. तीन-चार आठवड्यांनीही कमी झाला नाही तर त्या तासाचं काम अवघड आहे किंवा गोंगाट जास्त आहे असं धरा आणि ते बदला. कार्ड काढून घेऊ नका.

मधल्या सुट्टीकडे कोणी फारसं पाहत नाही, कारण ती मोकळीक समजली जाते. ज्याला नियम नसलेल्या वेळेत काय करायचं ते कळत नाही त्याच्यासाठी ती दिवसातली सर्वांत कठीण वेळ असते. अर्धी सुट्टी ठरलेला खेळ, दोनच मुलांबरोबर, आणि उरलेली अर्धी ग्रंथालयात, एवढ्यानेही पुढचे दोन तास सुधारतात. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला इतर मुलं ‘जा, त्याला ढकल’ असं सांगतात, तो ढकलतो आणि पकडला जातो. अशी नोंद आली तर ती खोडी म्हणून न घेता छळ म्हणून तपासायला सांगा.

स्वच्छतागृहाचं कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा. फ्लशचा आवाज, हात वाळवायचं यंत्र, एकाच वेळी घुसणारी मुलं, यांना घाबरून मूल दिवसभर लघवी दाबून धरतं, आणि त्यासाठी पाणीच पीत नाही. पाण्याची बाटली रोज भरलेली घरी येते का हे पाहा. तास चालू असताना, गर्दी नसताना जायची परवानगी हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

आकांताच्या वेळी काय करायचं हे आधीच लिहून ठेवा: बोलणं कमी, माणसं कमी, आवाज कमी, न विचारता स्पर्श नाही, ‘का केलंस?’ नाही. समजावणं नंतर, मूल पूर्ण सावरल्यावर. त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागू शकतो. काही मिळवण्यासाठीच्या हट्टात मूल समोरच्याकडे लक्ष ठेवून असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. सहनशक्ती संपून झालेल्या आकांतात हवी ती वस्तू दिली तरी थांबता येत नाही. म्हणून ‘आज ओरडला नाहीस तर तारा’ हे तक्ते इथे उलटतात: जे त्याच्या हातातच नव्हतं त्यासाठी तारा जातो आणि उरलेला दिवस आणखी बिघडतो.

‘शाळेत तर काहीच त्रास नाही’

हे उत्तर आलं तर शाळा खोटं बोलते असं समजू नका आणि स्वतःवरही शंका घेऊ नका. अनेक मुलं शाळेत सगळं दाबून धरतात आणि घरी आल्यावर तासाभरात फुटतात. मुलींमध्ये हे फार दिसतं, आणि त्यांचं निदान उशिरा होण्याचं ते एक मोठं कारण आहे. निदानाचे निकष देणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीतच म्हटलं आहे की लक्षणं लहानपणापासून असली तरी सामाजिक अपेक्षा मुलाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती झाकलीही जाऊ शकतात. हे वाक्य बैठकीत सांगण्यासारखं आहे.

‘त्रास देतो का?’ हा प्रश्न सोडा. विचारा: न समजल्यावर स्वतःहून मदत मागते का? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असते? गटकामात बोलते की दुसऱ्या मुलीचं पाहून करते? मग वीस मिनिटांचं निरीक्षण तीन ठिकाणी मागा: शिकवण्याचा तास, गटकाम आणि मधली सुट्टी. घरच्या बाजूने रविवार रात्रीची पोटदुखी, शाळेतून आल्यावरचा पहिला तास, पाण्याची बाटली, एवढं लिहून द्या. घरी आल्यावर पाऊण-एक तास प्रश्न नाहीत, अभ्यास नाही, हे पाळून पाहा. त्याने घरचा स्फोट कमी झाला तर शाळेतल्या दिवसाचा ताण किती होता याचा अंदाज येतो, तेही नोंदवा.

दोन आठवडे चाललं आणि बंद पडलं

कारणं बहुधा दोन. वर्गशिक्षिकेला सगळं माहीत असतं, पण खेळाच्या सरांना आणि बदली शिक्षकांना नसतं. यासाठी एक पान तयार करा: काय आवडतं आणि चांगलं जमतं, काय जड जातं, कशाने मदत होते, कशाने बिघडतं, आकांत झाला तर काय करायचं. एकच पान, मोठ्या अक्षरात, हजेरीपटाला टाचलेलं. त्यात निदानाचा अंदाज लिहू नका. त्याची गरज नाही आणि तो कागद अनेकांच्या हाती जातो.

दुसरं कारण म्हणजे सोय लागू पडली म्हणून ती काढून घेतली जाते. ‘आता बरा आहे’ असं ऐकू आलं की लगेच विचारा, कोणती सोय बंद केली? कमी करायचंच असेल तर सहा आठवडे स्थिर गेल्यावर, एका वेळी एकच सोय, आणि परीक्षा किंवा स्नेहसंमेलनाच्या धामधुमीत मुळीच नाही.

‘आजच्या दिवस लवकर घेऊन जा’

शाळेकडचे उपाय संपले की हा फोन येतो. अधूनमधून आला तर समजून घ्या. आठवड्यातून दोनदा येऊ लागला तर थांबवा. आकांत झाला की घर, हे मुलाच्या मनात पक्कं होतं, शिकणं बुडतं, आणि तोंडी असल्याने शाळेच्या दप्तरी काहीच दिसत नाही. दर वेळी एक ओळ लेखी मागा: किती वाजता, कशामुळे, आधी कोणते उपाय केले. पूर्ण दिवस खरंच झेपत नसेल तर काही काळ छोटा दिवस ठरवता येतो, पण संपण्याची तारीख आणि वाढीचा क्रम आधी लिहून, जसं दर आठवड्याला अर्धा तास वाढवायचा. तारखेशिवायचा छोटा दिवस तसाच पुढे चालू राहतो. आईने किंवा बाबांनी दिवसभर वर्गाबाहेर बसून राहणं ही मागणी शाळेने केली तरी मान्य करू नका.

‘घरी लाड जास्त होतात’ असं सूचित झालं तर कारणावर वाद घालू नका. ‘कारण काहीही असो, सहा आठवडे हे करून पाहू आणि मोजू’ एवढं पुरे. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यात खरोखर प्रचलित होती. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्यांवरच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवला आणि नंतरच्या संशोधनाने ती समजूत निकालात निघाली.

शाळा नाहीच म्हणाली तर

नकार लेखी मागा, कारणासह. बऱ्याचदा लेखी द्यायची वेळ आली की नकाराचा ‘करून पाहू’ होतो. मग क्रमाने वर जा: विशेष शिक्षक किंवा समुपदेशक, मुख्याध्यापक, व्यवस्थापन, मग शिक्षण खातं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात कलम २४ शिक्षणाचं आहे आणि त्यात व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याचं बंधन आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. कलम १६ अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना गरजेनुसार सोयी द्यायला सांगतं, आणि कलम १७ नुसार अशी मुलं ओळखण्यासाठी शाळेतल्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करणं हे शासनाचं व स्थानिक प्राधिकरणांचं काम आहे. इंग्लंडमध्ये शाळेतल्या मदतीसाठी निदानाची अट नाही. पालक स्थानिक प्राधिकरणाकडे गरजांचं मूल्यमापन मागू शकतात आणि ते करायचं की नाही हे सहा आठवड्यांत कळवावं लागतं. अमेरिकेत पालकांनी लेखी मागितल्यावर सरकारी शाळा-यंत्रणेला एकतर विनामूल्य मूल्यमापन करावं लागतं, नाहीतर नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. कलमं पहिल्या पत्रात लिहू नका. तिसऱ्या पत्रात लिहा.

वाट पाहताना करायची कामं

ऐकू नीट येतं असं वाटत असलं तरी श्रवणतपासणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर ऐकणं कमी-जास्त होत राहतं. डोळे तपासा. झोपेत घोरणं, श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. मूल मधेच काही सेकंद शून्यात गेल्यासारखं थांबत असेल तर मोबाइलवर टिपून डॉक्टरांना दाखवा. ऑटिझम असलेल्यांमध्ये अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं, प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (लिहिणं, जेवणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) यांची भेट अनेक ठिकाणी निदानाशिवाय मिळते, आणि ‘या मुलाला वर्गात अमुक सोय हवी’ असं त्यांचं एक पान शाळेला पुरेसं वाटतं. ही वाट सगळ्यात जलद. एम-चॅट ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ऑटिझमची प्राथमिक चाळणी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ती भरून गुण दाखवू नका.

तपासणीच्या दिवसासाठी एक फाइल करा: नोंदी, वर्गशिक्षिकेचं पत्र, आढाव्यांचे कागद, वह्यांची दोन-चार पानं, घरचे एक-दोन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ. शाळेत चित्रीकरण मागू नका, त्यात इतरांची मुलं येतात. पहिले शब्द कधी, बोट दाखवून वस्तू दाखवायचं का, खोटं-खोटं खेळायचं का, हे आत्ताच आठवून लिहा; एक-दोन वर्षांच्या वयातले जुने व्हिडिओ असतील तर उत्तम. पहिल्या अहवालात एडीएचडी किंवा चिंता एवढंच आलं तरी ऑटिझमचा प्रश्न मिटला असं समजू नका. २०१३ पूर्वीच्या नियमावलीत ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. आता येतात, आणि दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे.

मधे शैक्षणिक वर्ष बदललं तर सगळं शून्यावर येतं, म्हणून शेवटच्या महिन्यात जुन्या आणि नव्या वर्गशिक्षिकेची वीस मिनिटांची भेट घडवून आणा आणि ते एक पान नव्याने लिहून घ्या. नव्या वर्गाचे, बाकाचे, स्वच्छतागृहाच्या वाटेचे फोटो सुट्टीत घरी असू द्या. वर्ग रिकामा असताना एकदा मुलाला तिथे नेऊन आणा. पहिले दोन-तीन आठवडे फार छान जाऊ शकतात, कारण मूल सगळी शक्ती लावून सावरून धरतं. त्यावरून सोयी बंद होऊ देऊ नका. पहिला आढावा पाचव्या आठवड्यात ठेवा आणि त्याची तारीख दोन्ही शिक्षिका समोर असतानाच ठरवून घ्या.